धुतलेला जबडा

शहागंज, औरंगाबाद
४ फेब्रुवारी १९८७

ती. बद्रीनाथमामांस,
वच्छलाचा शि. सा. न. वि. वि.

नदीकाठी पाण्याच्या मोटारीसाठी खड्डा खणताना मोठा जबडा निघाला, हे तुमचं पत्र वाचून मी खोलीत एकटीच नाचले. दात मुठीएवढे आहेत म्हणता, म्हणजे तो पाणघोडा असावा. हजारो वर्षांपूर्वी तो आपल्या गोदावरीत डुंबत होता, हे आमच्या सरांना पटवायचंय. माझा सगळा प्रबंध त्यावर उभा आहे.

हाडाला चिकटलेल्या मातीत बारीक शंख दिसतील. त्यांच्यावरून वय काढतात, आणि हाड कोणत्या थरातलं ते मातीवरून जुळवतात. तेव्हा कृपा करून धुण्याबिण्याचा त्रास घेऊ नका. मामींनीही उगाच कष्ट करू नयेत. पुढच्या गुरुवारी मी येतेच.

माझ्यावरचा लोभ थोडा या हाडावरही असू द्यावा.

आपली,
वच्छला

पैठण
९ फेब्रुवारी १९८७

चि. वच्छलास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला येण्याची दगदग नको म्हणून जबडा आजच्या एस.टी.नं पाठवलाय. कंडक्टर इलियास ओळखीचा आहे, घरी आणून देईल. पोत्यात शेंगाही आहेत.

त्रास घेऊ नका असं लिहिलंस, पण तुझा स्वभाव का आम्हाला ठाऊक नाही? दिवाळीला लाडू नको म्हणतेस अन् डबा चाटूनपुसून परत करतेस! तुझ्या मामीनं दोन दिवस खपून जबडा रिठ्याच्या पाण्यानं धुतला, सुईनं एकेक शंख कोरून काढला, वर करडईचं तेल चोळलं. भाचीच्या सरांपुढं मळकं हाड गेलं तर पैठणची काय इज्जत राहिली, असं तिचं म्हणणं. आता असा चमकतोय, की शेजारची जोहरा त्याला नवरदेव म्हणाली.

मोठी झालीस तरी मामाला विसरू नये.

तुझा,
बद्रीनाथमामा

शहागंज, औरंगाबाद
१२ फेब्रुवारी १९८७

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

नवरदेव पोचला. मी डोक्याला हात लावून बसले आहे.

सरांनी त्याचा वास घेतला आणि त्याला बाजूला सारलं. म्हणाले, हे बाजारात सापडलेल्या वासरासारखं झालं, कुठल्या गोठ्यातलं कोण सांगणार? माती गेली, शंख गेले. मार्चअखेर पुरावा आला नाही तर विषय बदलायचा. दोन वर्षं उन्हात नदीकाठ तुडवले ते याचसाठी का? मी लिहिलेले चार शब्द जसेच्या तसे वाचायला काय हरकत होती? चूक माझीही आहे. ‘त्रास घेऊ नका’ऐवजी ‘हात लावाल तर याद राखा’ असं लिहायला हवं होतं.

मी आता येणार नाही. मला काही पाठवू नका. शेंगाही नकोत.

लहान तोंडी मोठा घास घेतला, क्षमा असावी. राग मात्र खरा आहे.

वच्छला

पैठण
१७ फेब्रुवारी १९८७

चि. वच्छलास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं. मामी त्या दिवशी जेवली नाही. शंख धुण्याच्या पाण्याबरोबर गेले, ते आता मिळत नाहीत. मलाही फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच खड्ड्यावर गेली आणि धावत परत आली. जबडा हनुवटीशी मोडलेला होता ना? त्याचा दुसरा अर्धा तिथंच आहे, खड्ड्याच्या भिंतीत दातापर्यंत रुतलेला, मातीशंखांसकट. दोन्ही तुकडे मोडल्या जागी जुळले, तर आपला नवरदेव कुठल्या गोठ्यातला ते कळेल, असं तीच म्हणाली. मोटारीचं काम बंद केलंय.

तेव्हापासून दिवस उगवला की मामी तिथं छत्री घेऊन बसते. भाकरीसुद्धा तिथंच. काल मी धूळ झटकायला वाकलो, तर माझ्यावरच खेकसली. याच्या आंघोळीचं नाव काढायचं नाही, म्हणते.

इथून पुढं तुझी पत्रं अक्षरन् अक्षर जशी असतील तशीच वाचायची, असं आमचं ठरलंय. फक्त ‘मी येणार नाही’ एवढं आम्ही जुन्याच रीतीनं वाचलं. तुझ्या वाटणीचं पीठ दळून ठेवलंय, पहिल्या एस.टी.नं ये.

तुझी वाट पाहणारे,
मामा-मामी