धुतलेला शर्ट

आईला धाकटीचा नमस्कार.

भुऱ्या विमानप्रवासाच्या पिंजऱ्यात रमला, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. दादा आपल्याला सोडून गेल्यावर मी त्याचे सगळे कपडे धुतले, पिंजऱ्यात अंथरायला ठेवलेला शर्टसुद्धा. तुझीच शिस्त. दादाचा वास गेला आणि त्याचं कुत्रं आत पाऊल टाकेना.

प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, "झोपेचं औषध देऊ नका, विमानात श्वास अडकतो. म्हातारा आहे, घाबरला तर वाटेतच जाईल."

काल कपाटामागे दादाची मळकी टोपी सापडली. तिच्यावर नाक टेकून भुऱ्या आत झोपला. दार लावलं की मात्र अजून थरथरतो.

तू दोन्ही वेळा जेवतेस ना? टोपी हातात आली की धुऊ नकोस. गुरुवारी, चौदा तारखेला सकाळी, आम्ही दोघं तुझ्याकडे यायला निघतो.

तुझी,
धाकटी