मोहाखालची राख

मंगळवार, संध्याकाळ. होळी जवळ आली.

डोकं अजून तापलेलंच आहे. परसातल्या मोहाखाली उगवलेली सात रोपं, पाचोळा जाळला नाही तर जगतात का, ते यंदा पाहायचं होतं. प्रत्येकाला लाल दोरा बांधला होता, पानं मोजून वहीत लिहीत होते. आज गोरेगावच्या बाजारातून आले, तर झाडाखाली नुसती राख!

"काऊन पेटवलं जी?" नवऱ्यावर ओरडलेच मी.

"तुलेच मोहफुलं वेचाले सोपं जाईन म्हून जाळलो," हे म्हणाले. "दरसाल त तूच जाळतेस."

लाल दोरा दिसला नाही यांना? एवढा लाल?

पण दरसाल काडी मीच लावत आले. तेव्हा खाली किती रोपं होती, कधी वाकून पाहिलं मी?