चार वाजून दहा मिनिटांचा पाहुणा

सोमवार, ३ तारीख. संध्याकाळी ५.३०
आजपासून रोजनिशी. मुद्देसूद. भावनाबिवना नाहीत.

मुद्दा एकच: दारावरच्या स्मार्ट बेलचा कॅमेरा. एरवी चित्र झकास, समोरच्या भिंतीचा रंग कुठे उडालाय तेही दिसतं. पण रोज दुपारी चार-दहाला एक माणूस येतो, पायरीवर टेकतो, वीस मिनिटं बसतो आणि बेल न वाजवता निघून जातो. नेमकं तेव्हाच चित्राचा चिखल होतो. चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन. मी त्या वेळी झोपलेला असतो, त्यामुळे नंतर फोनवर रेकॉर्डिंग बघावं लागतं.

बाटल्यांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं क्वालिटी कंट्रोल बघितलंय मी. काचेतला केसाएवढा तडा लांबून ओळखायचो. हा माणूस कोण, याचा अंदाज आहे. लिहीत नाही.

मंगळवार, ४
लिहितोच. तो आमचा चिरंजीव आहे. उंची तीच. मान खाजवायची सवय तीच.

दीड वर्षापूर्वी तो नोकरी सोडायला निघाला, तेव्हा मी दोन शब्द बोललो. त्याच्या मते पाऊण तास बोललो. तेव्हापासून बोलणं बंद. आता माफी मागायला येतो, पण बेल दाबायचा धीर होत नाही. बिचारा.

दार मी उघडणार नाही. पहिलं पाऊल त्याने टाकायला हवं, तत्त्व म्हणजे तत्त्व. फक्त खात्री हवी. एकदा चेहरा स्पष्ट दिसला की मीच मोठ्या मनाने फोन करणार. माफीचं भाषण मी फार लांबू देणार नाही.

लेन्स चष्म्याच्या फडक्याने पुसली.

बुधवार, ५
फरक शून्य. ॲपमध्ये व्हिडिओ क्वालिटी 'ऑटो'वरून 'हाय' केली. चौकोन तेवढेच, फक्त आता ते अडखळत हलतात. चिरंजीव तीन तुकड्यांत आला आणि दोन तुकड्यांत गेला.

उद्या दुपारी झोपायचं नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

गुरुवार, ६
झोप लागली. हवाच तशी होती.

राऊटर बंद करून परत चालू केला. मग कस्टमर केअरला फोन. बाई फार छान बोलल्या. बेलचा विषय पाच मिनिटांत संपला, पण आम्ही चाळीस मिनिटं बोललो. शेवटी त्यांनीच विचारलं, आणखी काही मदत हवी आहे का. मी आठवून आठवून बघितलं, पण काही सुचेना.

शनिवार, ८. दुपारी १.००
इंटरनेटवाला येऊन गेला. म्हणाला, काका, रोज चारच्या सुमाराला तुमचं अपलोड कुणीतरी खातंय, म्हणून बेलचं चित्र फुटतं, वायफायला पासवर्ड का नाही? मी म्हटलं, लक्षात राहत नाही म्हणून काढून टाकला, आणि घरात आहेच कोण चोरायला? तो हसला. त्यात हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

पासवर्ड घातला. तो चहाला थांबला नाही. दोनदा आग्रह केला.

३.४५
इस्त्रीचा शर्ट घातला. चहा टाकला. कप दोन काढले.

५.००
चित्र एकदम स्वच्छ. शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा दिसलं. चिरंजीव नाही. निळ्या जॅकेटातला पन्नाशीचा पार्सलवाला. फोन वर धरून इकडेतिकडे फिरवत होता.

तत्त्व बाजूला ठेवून दार उघडलं. तो ताडकन उठला. म्हणाला, माफ करा साहेब, मुलगी परगावी शिकते, चारला तिला सुट्टी होते, इथे बसून तिला व्हिडिओ कॉल करायचो, आज पासवर्ड मागतोय.

मी त्याला डेटाच्या सुरक्षिततेबद्दल दोन शब्द सुनावले. संपले तेव्हा चार-पस्तीस झाले होते. तो मान खाली घालून ऐकत होता. तिकडे ती पोरगी फोनची वाट बघत बसली असेल, हे मला तो गेल्यावर सुचलं.

दोन्ही कप मीच प्यायलो.

सोमवार, १०
चार-दहा. कोणी नाही. चित्र अप्रतिम.

मंगळवार, ११
पासवर्ड काढून टाकला. निव्वळ चाचणी म्हणून. पायरीवर उशीही ठेवली. चार-दहा, कोणी नाही. साडेचार, कोणी नाही. पाचला उशी आत आणली.

बुधवार, १२
फार एकटं वाटतंय. हा मुद्दा नव्हे, पण वाटतंय.

चिरंजीवाला फोन केला. निमित्त बेलचं. म्हटलं, कॅमेरा फर्स्ट क्लास झालाय, दारात आलास की लगेच ओळखेन, ये कधीतरी.

तो म्हणाला, बाबा, कुठल्या दारात? मी जुन्या घरी दोनदा येऊन गेलो. दार कुणा भलत्याच बाईंनी उघडलं. म्हणाल्या, ते घर सोडून गेले, पत्ता ठेवला नाही. मला वाटलं, तुम्हाला सांगायचंच नसेल.

मी म्हटलं, असं कसं होईल, पत्ता दिला असणार. तो म्हणाला, नाही दिलात. सांगा, लिहून घेतो.

घर नंबर सांगितला. त्याने विचारलं, गल्ली कितवी? सव्वा वर्ष राहतोय इथे, पण मला सांगता येईना. कुणी विचारलंच नव्हतं. म्हटलं, थांब, कोपऱ्यावरची पाटी बघून येतो. फोन चार्जरला होता, तसाच ठेवला आणि अनवाणी पळत गेलो.

परत आलो तर फोन कट झालेला.

कामात असणार तो. लगेच परत फोन करणं बरं दिसत नाही. उद्या करतो.

सातवी गल्ली. इथे लिहून ठेवलंय.