सोनलचं बाळंतपण कुठे करायचं

कैगा, १८ एप्रिल

प्रिय ताईस, तुझ्या धाकटीचा दुरून नमस्कार.

मी सुखरूप पोहोचले. सोनलचे पाय थोडे सुजलेत, पण डॉक्टर म्हणाले काळजी नको. तुझा खोकला कसा आहे?

निघताना तू बजावलं होतंस, "पोरीला त्या अणुभट्टीच्या नोकरीतून उचल आणि घरी आण. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं." मीही तेच ठरवून आले होते.

इथे सकाळी नदीवर धुकं तरंगतं आणि मला लहानपणची चौलची सुपारीची वाडी दिसू लागते.

काल गच्चीवर फेण्या वाळत घातल्या. शाळेत नन्स बाकांवरून रुमाल फिरवून धूळ शोधायच्या, तसं मी कठड्यावरून ओलं फडकं फिरवलं. ते पांढरंच राहिलं! तिकडे आपल्या खाडीकाठच्या घरात शेजारच्या वीजकेंद्रातल्या कोळशाची काळी पूड रोज पुसावी लागते, आणि तीच तुझ्या छातीत जाते.

सोनल हसली. "आई, इथे वीज होते, धूर होत नाही."

"आणि राख?"

"राख नसते. पण वापरलेलं इंधन घातक असतं, ते फार फार वर्षं बंदोबस्तात जपावं लागतं."

तिने ते लपवलं नाही, म्हणून मला धीर आला. थोडी भीती उरली आहे, तीही मी तुझ्यापासून लपवत नाही.

ताई, सोनलला मी तिकडे आणत नाही. आळिवाचे लाडू घेऊन तूच इकडे ये. आपण दोघी जिथे असू, तिथे तिचं माहेर. महिनाभर तुझ्या छातीलाही विसावा मिळेल.

वाट पाहणारी,
तुझी किशोरी