एकशेसाठ वावांची दोरी

मी, आत्माराम भिकाजी डोर्लेकर, वय अडुसष्ट, पूर्वीचा धंदा गलबतावर तांडेल, राहणार जयगड, तालुका रत्नागिरी, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणावाचून, राजीखुशीने लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. उलट गेल्या दोन वर्षांत थोडी वाढलीच, आणि हा कागद लिहिण्याचे कारण तेच.

कलम १. राहते घर मुलगा शिवा यास. दरसाल पावसाआधी मुंबईहून येऊन त्याने ते स्वतः शाकारून घ्यावे. नुसती पत्रे पाठवून कौले बसत नाहीत.

कलम २. माझे होकायंत्र, पेटी व पाटी सून मालन हिला. ती मुलींच्या शाळेत शिकवते. परीक्षेसाठी भूमिती मोठ्याने वाचायची, मी जाळे विणता विणता ऐकायचो. "दिलेले आहे", "म्हणून", "हेच सिद्ध करायचे होते". आमच्याकडे ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे, त्यामुळे मला हा प्रकार नवा होता. एके दिवशी जाळे बाजूला ठेवून पाटी घेतली.

कलम ३. माडांची बाग. वडिलांमागे मी व धाकटा भाऊ भागोजी यांनी ती वाटली, तेव्हा मोजणीदार न बोलावता मी गलबताची दोरी काढली. दोन्ही हात पसरले की एक वाव. अशी एकशेसाठ वाव. माझ्या तुकड्याभोवती ती बरोबर फिरली, त्याच्याभोवतीही बरोबर फिरली. माझा तुकडा चाळीस लांब, चाळीस रुंद. त्याचा साठ लांब, वीस रुंद. घेर सारखा, म्हणून जमीन सारखी, असे मी ठरवले. वर्षाने भागोजी म्हणाला, "दादा, दोरी सारकी आसंल, पन माज्यात माड कमी बसतात." मी त्याला चारचौघांत लबाड म्हटले. एकोणीस वर्षे तो माझ्याशी बोललेला नाही, आणि राहतो कुंपणापलीकडे.

मालनला मी सहज विचारले, सारख्या घेरात चौकोन लांबट झाला तर जमीन घटते काय? तिने मलाच आकडे मांडायला लावले. सात वेळा मांडले, सातही वेळा चौरस मोठा. मी म्हटले, झाले सिद्ध. ती म्हणाली, "मामंजी, सात वेळा खरं म्हणजे नेहमी खरं नव्हे." मला रागच आला. मग तिने आकड्यांऐवजी क आणि ख लिहिले. माहीत नसलेल्या संख्येला नाव देऊन कामाला जुंपायचे, ही युक्ती मला तरुणपणी कोणी का सांगितली नाही?

तरी हाताला पटेना. शिडाच्या कापडाचा चौरस घेतला, बाजू क. एका कडेची ख रुंदीची पट्टी कापून उरलेल्याच्या टोकाला लावली. ख लांब, ख रुंद तुकडा बाहेर लोंबू लागला. तो छाटला तर घेर पूर्वीइतकाच, कापड मात्र कमी. पट्टी कितीही रुंद घ्या, तुकडा लोंबतोच. तो हातात धरून मी बसून राहिलो. मला फार लाज वाटली.

आमच्या बागेत तो तुकडा वीस गुणिले वीस, चारशे चौरस वाव. त्यातले निम्मे भागोजीचे. म्हणून त्याच्या कुंपणालगतची पाच वाव रुंद, चाळीस वाव लांब पट्टी माझ्यामागे त्यास द्यावी. गोड्या पाण्याची विहीर नेमकी तीत आहे. ती वगळता येते का, हे मी तीनदा मांडून पाहिले.

कलम ४. वरील कलम ३ मधील देणे रद्द. नक्कल करताना मालनने विचारले, "सिद्ध झालंय, तर मग 'माझ्यामागे' कशाला?" दोरी आणि कापड घेऊन मी भागोजीच्या ओट्यावर गेलो. त्याने सगळे ऐकले, स्वतः दुसरी पट्टी कापली, लावून पाहिली, पुन्हा पाहिली. मग म्हणाला, "लोंबतंय खरं." खुंट्या आजच ठोकल्या, दोरीचे एक टोक त्याच्या हाती होते, एक माझ्या. सोमवारी रत्नागिरीस कागद नोंदवू. त्याला बक्षीसपत्र म्हणायचे नाही, वाटणीची दुरुस्ती म्हणायचे, असे त्याने बजावले आहे. माझी उरलेली बाग शिवास.

कलम ५. दोरी कोणास ठेवलेली नाही. भागोजी ती घेऊन गेला.

जयगड, तारीख ९ मार्च १९३४.
सही: आत्माराम भिकाजी डोर्लेकर, स्वतःच्या हाताने.

आमच्यासमक्ष सही केली:
१. दाजी गंगाराम पावसकर, शेजारी.
२. भागोजी भिकाजी डोर्लेकर, भाऊ. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. कागद आधी दोनदा दाजीकडून वाचून घेतला.