एकवीस दिवस मुरलेली खळ

चि. ठमाबाई हिला काकाचे ओंजळभर आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. गुडघा कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमीच, असे तुझ्या काकूचे मत. तू वेळेवर जेवतेस ना? प्रबंध काय, पोटापुढे थांबेल.

तर काल तुझ्या मार्गदर्शक बाई अचानक आपल्या पुस्तकबांधणीच्या दुकानात आल्या. तुझ्या तिसऱ्या प्रकरणातले कारागीर (म्हणजे मी, हे मलाही कालच कळले) पुस्तके चिकटवायच्या खळीत मध घालून ती एकवीस दिवस मुरवतात म्हणे, ती खळ त्यांना पाहायची होती. अगं, चाळीस वर्षांत मी मैदा, पाणी आणि कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद यापलीकडे खळीत काही घातलेले नाही. पण पुतणीचा शब्द खाली कसा पडू द्यायचा? "बसा, दाखवतो," म्हणालो, आत जाऊन खोकल्यासाठी ठेवलेली मधाची बाटली खळीत उपडी केली आणि एकवीस दिवस वाट पाहिल्याचा चेहरा करून बाहेर आलो. वर हौस बघ, बाईंच्याच पिशवीतल्या जुन्या शब्दकोशाची सुटलेली पाठ त्या खळीने चिकटवून दिली. चहा होईपर्यंत मुंग्यांची रांग लागली (आपल्या दुकानात गिऱ्हाइकांची एवढी कधी लागली नाही).

बाईंनी शांतपणे विचारले, "काका, मध कधीपासून घालता?"

"आजपासून," माझ्या तोंडून निघून गेले. खोटे बोलायलाही अभ्यास लागतो, ठमे.

मग त्यांनी तिथूनच तुला फोन लावला. माझी मुलाखत तू त्या कृत्रिम बुद्धीच्या यंत्राला नीटनेटकी करायला दिलीस आणि त्याने पदरचा मध घातला, हे तू एका दमात कबूल केलेस, ते फार बरे केलेस. बाई म्हणतात त्यात चूक नाही. यंत्राची मदत घे, पण शब्दन् शब्द ध्वनिमुद्रणाशी ताडून बघ आणि कुठे, कशासाठी मदत घेतलीस ते सुरुवातीलाच लिही. सोमवारपर्यंत झाले नाही तर प्रकरण बाद, म्हणजे वर्ष पाण्यात. मीही कडा कापायला यंत्रच वापरतो; पण पाते खाली येण्याआधी पाने ठोकून सारखी आपणच करायची असतात. समास कुठे संपतो नि मजकूर कुठे सुरू होतो, हे पात्याला कळत नाही. तेव्हा मी जे बोललो ते, ओबडधोबड का असेना, जसेच्या तसे छाप.

तुझा,
कारागीर काका

ता. क. जसेच्या तसे म्हणालो खरा, पण "प्रत्येक पुस्तक मी स्वतःच्या हाताने शिवतो" एवढे वाक्य हळूच गाळ. बारा वर्षे झाली, शिलाई तुझी काकूच करते. मला सुईचे भोक दिसत नाही. प्रबंध बांधायला इथेच येणार, म्हणजे पाने तिच्याच नजरेखालून जाणार.

ता. ता. क. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिले, म्हणून वाचले. काही गाळू नकोस. वाक्य तसेच ठेव आणि खाली टीप दे : पडताळणीत हे विधान खोटे आढळले. — काकू