नात्याच्या रकान्यात ‘पत्नी’ऐवजी ‘बाई’ लिहिण्याबाबत

प्रति,
मा. साहाय्य मंजुरी अधिकारी,
ज्येष्ठ नागरिक साहाय्य विभाग,
दुसरा मजला (लिफ्ट बंद).

विषय : विस्मरण झालेल्या यजमानांना निवासगृहात जागा व तिचा खर्च मंजूर होण्याबाबत. अर्ज तिसरा.

संदर्भ : आपली दोन नकारपत्रे. पहिले अर्जदार पत्नी आहे म्हणून, दुसरे ती पत्नी नाही म्हणून.

महोदय,

१. सदर अर्जदार ही निवृत्त टंकलेखिका असून तिची हयात दुसऱ्यांचे अर्ज टाइप करण्यात गेली. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ हे वाक्य तिने इतक्यांदा बडवले आहे की त्यावरचा तिचा विश्वास केव्हाच उडाला. तरी रीत म्हणून लिहिते : योग्य ती कार्यवाही व्हावी.

२. अर्जदाराचे यजमान लिफ्ट मेकॅनिक होते. आज वार कोणता, संडास कुठे, जेवण झाले की नाही, यातले त्यांना काही सांगता येत नाही. डोके विसरले, पण हात विसरले नाहीत, हीच पंचाईत. दाराच्या कड्या, दिव्यांची बटणे, गॅसचा रेग्युलेटर, जे दिसेल ते खोलून ठेवतात. मागल्या महिन्यात त्यांनी चौथ्या मजल्यावर लिफ्टचा दरवाजा उघडला. लिफ्ट तळमजल्यावर होती. ते आत वाकून ब्रेकचा आवाज ऐकत उभे होते. अर्जदाराने कमरेच्या पट्ट्याला धरून मागे ओढले, दोघेही जिन्यासमोर आपटली. त्यावर यजमान म्हणाले, “अहो बाई, चालू कामात हात घालू नका.” तेव्हापासून घराची किल्ली अर्जदार उशीच्या अभ्र्यात घालून झोपते. झोपते असे म्हणायचे.

३. वरील परिच्छेदातील ‘बाई’ म्हणजे अर्जदारच. लग्न झाल्यापासून ती ‘अगं’ होती, आता ‘अहो’ झाली. बढतीच म्हणायची! यजमानांच्या मते त्यांची बायको कामावर गेली असून थोड्या वेळात येईल, आणि तोवर घर सांभाळायला ही बाई ठेवलेली आहे.

४. पहिला अर्ज ‘पत्नी घरात उपलब्ध आहे, सबब निवासगृहाची आवश्यकता नाही’ असा शेरा मारून फेटाळण्यात आला. उपलब्ध! नळाला पाणी असावे तशी! पत्नीचे वय अडुसष्ट, गुडघे गेलेले, आणि यजमान अंगापिंडाने तिच्या दुप्पट. हे अर्जात लिहिले होते. वाचले कोणी?

५. दुसऱ्या अर्जानंतर आपले पाहणी अधिकारी घरी आले. पाहुणा आला की यजमानांच्या अंगात जुना माणूस येतो. त्यांनी खुर्ची पुढे केली, आपल्या कार्यालयाची लिफ्ट कोणत्या बनावटीची ते विचारले आणि सांगितले, “बायको कामावर गेलीय, येईलच. ही कामाची बाई. मनाने चांगली आहे, पण हुकूम फार सोडते.” साहेब हसले आणि लिहू लागले. अर्जदार हातात चहाचा ट्रे घेऊन म्हणाली, “अहो साहेब, मीच ती बायको.” साहेब म्हणाले, “काकू, पेशंट सांगतो तेच आम्हाला लिहावं लागतं.” मग आपले दुसरे पत्र आले : ‘पत्नी सोबत राहत नाही. पगारी बाई ठेवण्याची ऐपत असलेल्या कुटुंबास साहाय्य देय नाही.’ धन्य आहे! ज्या माणसाला वार सांगता येत नाही त्याची साक्ष ग्राह्य, आणि जिला सगळे आठवते ती खोटी. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, त्यातली ही गत.

६. नातेवाईक आहेत का, असे आपण विचारता. एक दीर आहेत. ते फोनवर म्हणतात, “वहिनी, दादाला असं टाकू नका हो.” आठ दिवस राहायला या म्हटले, तर त्यांची पाठ धरली. ती अजून सुटलेली नाही. दुरून डोंगर साजरे, दुसरे काय.

७. टाकायचे असते तर अर्जदाराने निवासगृहे पाहत पाय झिजवले नसते. पहिल्या ठिकाणी दर्शनी खोलीत प्लास्टिकची फुले होती आणि मागच्या खोल्यांना बाहेरून कड्या. व्यवस्थापक म्हणाल्या, “तुम्ही रोज येऊ नका, त्यांना सवय लागू द्या.” दुसरे, आपल्या यादीतले, साधेच आहे. तिथे एक म्हातारी तोच टॉवेल पुन्हा पुन्हा घडी घालत होती आणि मदतनीस मुलगी दर वेळी तो मोडून तिच्या हातात देत होती, न कंटाळता. अर्जदाराने तेच ठरवले. मात्र तिथे भेटीला फक्त नातेवाईक सोडतात. नोकरमाणसांना फाटकातूनच परत पाठवतात.

८. तरी विनंती की, अर्जदाराचे नाते आपल्या दप्तरी ‘बिनपगारी बाई’ असे नोंदवावे. म्हणजे ती पत्नी नसल्याने उपलब्ध नाही, आणि पगारी नसल्याने ऐपतही नाही. जागा मंजूर व्हावी, आणि त्याच बाईला रोज आत सोडावे असे निवासगृहास कळवावे. यजमान दाढी तिच्याच हातून करून घेतात, घासही तिच्याच हातून खातात. लाज वाटते हे लिहायला. पण लाज धरून बसले तर एक दिवस लिफ्टच्या खड्ड्यातून त्यांना काढावे लागेल.

९. शेवटची विनंती तेथील कर्मचाऱ्यांसाठी आहे. यजमान संध्याकाळी बायकोची वाट पाहतात. ‘निघालीय, येतेच आहे’ एवढे सांगितले की पुरते. ‘ही काय तुमच्यासमोर उभी आहे’ असे कृपा करून कोणी सांगू नये. अर्जदाराने ते एकदा सांगून पाहिले. ते हात जोडून म्हणाले, “बाई, तिला काय झालंय ते खरं सांगा.”

उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
अर्जदार
दिनांक : अर्ज दाखल करून घ्याल तो.

सोबत :
१. डॉक्टरांचे प्रमाणपत्र.
२. आपली दोन्ही नकारपत्रे.
३. विवाहनोंदणीचा दाखला, मूळ प्रत. काम झाल्यावर परत मिळावा.